रिकाम्या महिन्याचा हिशेब

घरदार आणि जमीनजुमला कोठे पळून जात नाही, असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. म्हणूनच गावातील एखाद्या कुटुंबाच्या हाती चार पैसे आले, मग ते मुलाने परदेशातून पाठविलेले असोत, निवृत्तीच्या वेळी मिळालेले असोत अथवा वाडीचा एखादा तुकडा विकून आलेले असोत, की घरात पहिला विचार निघतो तो हा : शहरात एखादा ब्लॉक घ्यावा, तो भाड्याने द्यावा आणि दरमहा येणाऱ्या भाड्यावर म्हातारपण निश्चिंतपणे काढावे. हा विचार मुळातच चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्यात एक गोष्ट मोजावयाची राहून जाते. घर पळून जात नाही हे खरे. परंतु घरात राहणारा भाडेकरू जातो, आणि तो गेला म्हणजे भाडेही त्याच्याबरोबर जाते. कर्जाचा हप्ता, नगरपालिकेचा कर आणि गळणारे छप्पर ही मात्र मालकापाशीच राहतात.

भाडेकरू येतो कोठून आणि जातो कोणाच्या हुकुमाने, हे समजावून घेण्यास भोपाळ शहरातील टी. टी. नगर या वस्तीचा इतिहास फार उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते. ही वस्ती आपल्यापासून दूर असली तरी ती अगदीच परकी नाही. टी. टी. म्हणजे तात्या टोपे, आपल्या नाशिक जिल्ह्यातील येवल्याचे. शिवाय त्या वस्तीच्या पहिल्या रहिवाशांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. ती तेथे का गेली, हे पाहण्यासारखे आहे.

1956 पर्यंत जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला भाषावार प्रांतरचना झाली, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले आणि नव्या मध्यप्रदेशाची राजधानी म्हणून भोपाळची निवड झाली. भोपाळ तोपर्यंत पूर्वीच्या नबाबी संस्थानाचे तलावाकाठचे टुमदार शहर होते. तेथे एकाएकी नागपूरहून, ग्वाल्हेरहून, इंदूरहून आणि रेव्याहून सरकारी कचेऱ्या येऊन दाखल झाल्या. कारकून, हिशेबनीस, शिपाई, अधिकारी, त्यांची बायकामुले, त्यांची भांडीकुंडी या सर्वांस राहावयास जागा हवी होती. सरकारने शेकड्यांनी निवासस्थाने बांधली. ती इतकी एकसारखी आणि इतकी मोठ्या संख्येने होती की भोपाळात कित्येक वस्त्यांस घरांच्या संख्येवरूनच नावे पडली. ‘बाराशे पन्नास’, ‘चौऱ्याहत्तर बंगले’, ‘पंचेचाळीस बंगले’ ही नावे तेथील लोकांच्या तोंडी आजही आहेत. टी. टी. नगर अशाच क्वार्टर्सचे, आणि न्यू मार्केट ही त्याची बाजारपेठ.

आता याच घटनेकडे घरमालकाच्या नजरेने पाहू. ज्या नागपूरकराने आपली माडी सचिवालयातल्या कारकुनास दिली होती, त्याचा भाडेकरू त्या वर्षी निघून गेला. त्यात भाडेकरूचा दोष नव्हता, मालकाचाही नव्हता. भाडे वेळेवर येत होते, भांडण कसलेच नव्हते. दूर कोठे तरी एक निर्णय झाला आणि बिऱ्हाड हलले. त्याच वेळी भोपाळात ज्याच्यापाशी रिकामी खोली होती, त्यास गिऱ्हाईक शोधण्यास दारापर्यंतही जावे लागले नसेल. एकाच्या दारातून गेलेली गाडी दुसऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

पुढे 2000 साली, योगायोगाने पुन्हा 1 नोव्हेंबरलाच, छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले. रायपूर ही त्याची राजधानी ठरली, आणि मध्यप्रदेश सरकारच्या नोकरवर्गाची दोन राज्यांत वाटणी झाली. त्यानंतर 2016 साली केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी योजनेत भोपाळचा पहिल्या वीस शहरांत समावेश झाला. प्रथम त्यासाठी शिवाजीनगर व तुळशीनगर हा भाग ठरला होता. तेथील झाडे तोडली जातील म्हणून नागरिकांनी विरोध केला, तेव्हा योजना टी. टी. नगरकडे वळली. सुमारे 342 एकरांचा भाग त्यासाठी निवडण्यात आला, आणि पुढील काळात तेथील जुनी क्वार्टर्स टप्प्याटप्प्याने रिकामी करून पाडण्यात आली. जी वस्ती एका हुकुमाने बसली होती, ती साठ वर्षांनी दुसऱ्या हुकुमाने उठली. जवळपासच्या गल्लीतील ज्या दुकानाचे गिऱ्हाईक म्हणजे तीच क्वार्टर्स होती, त्या दुकानाचे भाडे कोणाच्या जिवावर चालत होते हे निराळे सांगावयास नको.

या इतिहासातून भाड्याच्या व्यवहाराविषयी पहिली गोष्ट दिसते ती ही, की घर विकत घेताना भिंती, फरशी आणि नळ पाहून भागत नाही. भाडेकरू ज्या वाटेने येणार ती वाट पाहावी लागते. आपल्याकडेही हेच आहे. एखाद्या गावी एका कारखान्याच्या भरवशावर चाळी उभ्या राहतात, एखाद्या गावी एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांवर, तर कोठे रस्त्याच्या किंवा धरणाच्या कामावर आलेल्या मजुरांवर. कारखान्यात टाळेबंदी झाली, महाविद्यालयाने स्वतःचे वसतिगृह बांधले अथवा काम पुरे झाले, की चाळीच्या सर्व खोल्या एकाच महिन्यात रिकाम्या होतात. चार खोल्या आहेत म्हणून चार आधार आहेत असे मालकास वाटत असते. चारही भाडेकरू एकाच फाटकातून कामास जात असतील तर आधार एकच असतो. तेव्हा घर घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : येथे राहावयास येणाऱ्यांची पोटापाण्याची ठिकाणे किती? तीन-चार निरनिराळी असतील तर जागा बरी. एकच असेल तर भाडे कितीही चढे असो, दोनदा विचार करावा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. येथे आम्ही एक उदाहरण आकड्यांनिशी मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. समजा, एका कुटुंबाने 40 लाख रुपयांस एक ब्लॉक घेतला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकिलाची फी आणि किरकोळ डागडुजी मिळून आणखी 3 लाख लागले. म्हणजे एकूण 43 लाख घरात गुंतले. भाडे ठरले दरमहा 11,000 रुपये. घरातली मंडळी लगेच गुणाकार करतात : वर्षाचे 1,32,000 रुपये. हा आकडा मनात पक्का बसतो, आणि पुढचे सारे बेत त्यावर आखले जातात. वास्तविक हा आकडा कधीच पदरात पडत नाही.

एक भाडेकरू गेला आणि दुसरा येईपर्यंत वर्षातला एक महिना घर रिकामे राहील असे धरावे. 11,000 रुपये गेले. रंगरंगोटी, नळ, विजेची तार, खिडकीची काच यांसाठी आणखी एका महिन्याचे भाडे बाजूस काढावे. आणखी 11,000 गेले. उरले 1,10,000. सोसायटीची वर्गणी महिन्यास 1,500 धरली तर वर्षाचे 18,000 होतात. नगरपालिकेचा कर आणि घराचा विमा यांस 6,000 धरू. हे सर्व वजा जाता हाती राहतात 86,000 रुपये, आणि 43 लाखांवर हे होतात शेकडा दोन. यातून आयकर अजून जावयाचा आहे. त्यात एवढा दिलासा आहे, की भरलेला नगरपालिकेचा कर वजा करून उरणाऱ्या भाड्याच्या 30 टक्के रक्कम दुरुस्ती वगैरेंसाठी म्हणून कायदाच सोडून देतो. त्यासाठी पावत्या दाखवाव्या लागत नाहीत.

आता याच घरासाठी 25 लाखांचे कर्ज काढले असे समजा. व्याज शेकडा 9 आणि मुदत वीस वर्षे असेल तर दर लाखास महिन्याचा हप्ता सुमारे 900 रुपये बसतो. म्हणजे 25 लाखांस सुमारे 22,500 रुपये. वर्षाचे झाले 2,70,000. घर वर्षाला देते 86,000. उरलेले सुमारे 1,84,000, म्हणजे महिन्यास पंधरा हजारांहून अधिक, कोठून यावयाचे? ते पगारातून, मुलाच्या शिक्षणातून किंवा दुसऱ्या कर्जातून येतात. भाड्यावर हप्ता परस्पर फिटेल असे ज्यांस सांगितले जाते, त्यांनी हा हिशेब सांगणाऱ्यासमोरच मांडून पाहावा. वर्षाला 86,000 निव्वळ देणारे घर या दराने जेमतेम 8 लाखांच्या कर्जाचा भार वाहू शकते. त्याहून अधिक काढलेल्या प्रत्येक लाखाचा बोजा कुटुंबाच्या अंगावर पडतो, घराच्या नव्हे.

यावर कोणी म्हणेल, भाडे थोडे असले तरी घराची किंमत वाढते ना! पुष्कळदा वाढते, हे आम्ही नाकारीत नाही. भाडेही कालांतराने वाढते. बँकेतील ठेवीचे व्याज तसे वाढत नाही. परंतु वाढलेली किंमत घर विकल्याशिवाय खिशात येत नाही. मुलीच्या शस्त्रक्रियेस दोन लाख हवे झाले म्हणून ब्लॉकचे न्हाणीघर तेवढे विकता येत नाही. घर विकावयाचे तर सबंध विकावे लागते, त्यास महिने लागतात, आणि घाईच्या माणसास बाजार कधीच पुरा भाव देत नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की घरखर्चाचे आणि हप्त्याचे मिळून निदान सहा महिन्यांचे पैसे बँकेत हाताशी असल्याखेरीज भाड्यासाठी घर घेऊ नये. आणि आहे ती वाडी सबंध विकून शहरात एकच ब्लॉक घेणे हा तर आम्हांस सर्वांत धोक्याचा मार्ग वाटतो. वाडीत केळी गेली तरी नारळ राहतो, भाजी राहते. एकुलता एक ब्लॉक रिकामा पडला म्हणजे काहीच राहत नाही.

टी. टी. नगरची क्वार्टर्स साठ वर्षांत पाडण्याजोगी झाली, हेही विसरू नये. सरकार हा मोठा घरमालक. त्याच्या पदरी बांधकाम खाते, अभियंते, गवंडी, आणि पैसा कमी पडला तर कर बसविण्याची सत्ता. तरीही त्याची घरे जुनी झालीच. आपल्या ब्लॉकचेही तेच होणार. मालकाची जमीन टिकते, इमारत झिजते. आणि सोसायटीतील ब्लॉकवाल्याच्या वाट्यास जमिनीचा वाटा लहानसाच येतो. एका महिन्याचे भाडे डागडुजीस काढावे असे आम्ही वर म्हटले ते याचसाठी. ते ज्या वर्षी खर्च होणार नाही त्या वर्षी खर्चून टाकावयाचे नाही. निराळ्या खात्यात साठवीत जावयाचे. दहा-बारा वर्षांनी गच्चीचे गळणे बंद करण्याचा किंवा सर्व नळ बदलण्याचा खर्च एकदम अंगावर येतो, तेव्हा ते पैसे उपयोगी पडतात.

तिसरी गोष्ट कायद्याची. घरभाड्याच्या व्यवहारात कायदा हा तिसरा पक्ष असतो, आणि तो आपले म्हणणे वेळोवेळी बदलतो. मुंबई राज्यात 1947 च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली. महागाईत गरीब भाडेकरूंस त्याने आसरा दिला, हे त्याचे मोठे काम; परंतु पन्नास वर्षे तीच भाडी राहिल्याने दुरुस्तीस पैसा उरेना आणि मुंबईतील जुन्या चाळी खचत गेल्या. अशा रीतीने भाडे गोठवून ठेवणे वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली म्हटले. आणि महाराष्ट्राच्या 1999 च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने वर्षास शेकडा 4 वाढीची मुभा दिली. मध्यप्रदेशात 1961 साली असा कायदा झाला. त्यात 1983 साली एक निराळे प्रकरण घालण्यात आले, त्याने निवृत्त सरकारी नोकर, विधवा अशा घरमालकांस स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी घर लवकर परत मिळविण्याची वाट करून दिली. घरमालक म्हणजे नेहमी श्रीमंतच असतो असे नाही. आयुष्यभर क्वार्टरमध्ये राहून निवृत्तीच्या पैशातून एक मजली घर बांधणारा कारकूनही घरमालकच असतो, हे त्या कायद्याने ओळखले.

आपल्या महाराष्ट्रातील वाचकांनी एवढे तर पक्के ध्यानात ठेवावे, की घर भाड्याने अथवा ‘लीव्ह अँड लायसन्स’ने दिले तर करारनामा लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे, असे 1999 चा कायदा सांगतो. नोंदणीची जबाबदारी त्याने मालकावर टाकली आहे आणि ती टाळल्यास शिक्षाही ठेविली आहे. नोंदणी नसेल आणि पुढे वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा कागद केला म्हणजे नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे. महाराष्ट्रात ती चालत नाही. ‘माणूस ओळखीचा आहे, आपल्याच गावचा आहे, कागद कशाला?’ असे म्हणणाऱ्यांस आमचे उत्तर हे, की कागद अविश्वासासाठी नसून आठवणीसाठी असतो. पाच वर्षांनी अनामत किती घेतली होती, रंग कोणी द्यावयाचा ठरला होता, हे दोघांपैकी कोणासच नीट आठवत नाही. आणि पुष्कळशी भांडणे लबाडीतून नव्हे, विसरण्यातून निघतात.

अनामतीविषयी एक शब्द. ती रक्कम मालकाची नव्हे. ती त्याच्यापाशी ठेवलेली दुसऱ्याची ठेव आहे. पुष्कळ घरी ती हाती पडताच लग्नकार्यात किंवा घराच्या रंगात खर्ची पडते, आणि भाडेकरू निघाला म्हणजे ती परत देण्यास नव्या भाडेकरूची अनामत यावी लागते. नवा लवकर मिळाला नाही तर जुन्यास तिष्ठत ठेवावे लागते. त्याचेही बिऱ्हाड असते, त्यासही पुढच्या घरी अनामत भरावयाची असते. केंद्र सरकारने 2021 साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहण्याच्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये असे सुचविले आहे. कायदा काहीही असो, अनामत घेतली त्याच दिवशी ती बँकेत निराळी ठेवणे हा सरळ मार्ग.

चौथी गोष्ट माणुसकीची आहे, आणि ती फायद्याचीही आहे. भाडेकरू वेळेवर पैसे देतो, घर नीट ठेवतो; तरी शेजारच्याने पाचशे वाढविले म्हणून आपणही वाढवावे असा मोह होतो. हिशेब करून पाहा. महिन्यास 500 रुपये वाढविले तर वर्षाला 6,000 अधिक मिळतील. त्या पाचशेसाठी भाडेकरू निघून गेला आणि घर एकच महिना रिकामे राहिले, तर 11,000 जातील. त्यावर दलाली आणि नवा रंग निराळाच. वाजवी भाडे घेणारा मालक दयाळू असेल वा नसेल, तो आकडेमोडीत मात्र कच्चा नसतो. तसेच नळ गळतो असे भाडेकरूने सांगितले की त्याच आठवड्यात प्लंबर पाठवावा. तो नळ आपला आहे आणि ती भिंतही आपलीच आहे.

मग गावच्या कुटुंबाने भाड्याचा विचारच सोडून द्यावा काय? तसे आम्हांस सुचवावयाचे नाही. ज्यांची स्वतःची जागा आहे, त्यांनी रीतसर परवानगी घेऊन राहत्या घरालगत एक-दोन खोल्या बांधणे हे दूरच्या शहरात कर्जाने ब्लॉक घेण्यापेक्षा पुष्कळ निर्धोक. जमिनीची किंमत द्यावी लागत नाही, भाडेकरू नजरेसमोर राहतो, गळती आपल्यालाच आधी दिसते, आणि खोली रिकामी पडलीच तर उद्या मुलाच्या संसारास उपयोगी पडते. ज्यांस शहरातच घ्यावयाचे असेल त्यांनी सातबारा, बिगरशेती परवानगी, बांधकामाची मंजुरी आणि भोगवटा प्रमाणपत्र ही कागदपत्रे विकणाऱ्याच्या वकिलाकडून नव्हे, आपल्या वकिलाकडून तपासून घ्यावीत. त्याची फी ही या व्यवहारातील सर्वांत स्वस्त वस्तू ठरते.

बुरूज बांधावयास निघालेल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दाखला आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हा बयाण्याची रक्कम देण्यापूर्वी एक संध्याकाळ काढावी. नवराबायकोने मिळून बसावे, मोठी मुले असतील त्यांसही बोलवावे, आणि एका वहीत तीन आकडे लिहावेत : रिकामा महिना, दुरुस्ती आणि कर धरून खरोखर हाती येणारे वर्षाचे भाडे, वर्षाचे हप्ते, आणि भाडे सहा महिने आले नाही तर ते हप्ते कशातून भरावयाचे, ती रक्कम. तिसऱ्या आकड्यापुढे खात्रीचे काही लिहिता आले नाही, तर तो ब्लॉक कितीही हवेशीर असला तरी त्या वर्षी घेऊ नये. घेतला, तर तीच वही पुढे चालू ठेवावी. भाडे आले त्या दिवशी आणि गेले त्या दिवशी तीत लिहावे. करारनामा, पावत्या आणि विम्याचा कागद तिच्याबरोबर ठेवावा, आणि ती कोठे आहे हे घरातल्या बाईस ठाऊक असावे. घरच्या कर्त्यामागे भाडेकरू कोण, अनामत किती आणि कर्ज कोणत्या बँकेचे, हे तिला दुसऱ्यांच्या दारी जाऊन विचारण्याची पाळी येऊ नये.